दुसरी पार्टी

‘जंगी सामना’ हे दोन शब्द माझ्या हातून सवयीने लिहिले गेले, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ऐकणाऱ्यांनाही ते पटायचं. पोलादपूरला मी सरकारी कचेरीत कारकून होतो, अक्षर वळणदार होतं, आणि त्या पट्ट्यात कुठेही दोन गायन पार्ट्यांचा कार्यक्रम ठरला की बोर्ड लिहायला मलाच बोलावणं यायचं. जुन्या वर्तमानपत्राच्या मोठ्या पानावर गेरू आणि निळीने मी इतक्या वेळा ‘जंगी सामना’ लिहिलं होतं की हात आपोआप गेला असणार. यात संशय घ्यायला जागाच नव्हती.

पण त्या बोर्डावर खाली आणखी एक ओळ होती. ‘विरुद्ध कोण? प्रत्यक्ष येऊन पाहा!’ असं काही कुणी सवयीने लिहीत नाही. ते मी विचार करून, मन लावून लिहिलं. उद्गारचिन्हाच्या टिंबात तर मी वेगळा रंग भरला.

आता पन्नाशी ओलांडल्यावर हे कबूल करायला हरकत नाही. ज्यांच्यापाशी कबूल करायचं ते राहिले नाहीत, म्हणून हे सोपं झालंय, हेही आधीच सांगून टाकतो.

तो गायक मुंबईचा. आजच्या भाषेत रॉकस्टार. आमच्याकडे त्याला ‘इंग्रजी गाणारा’ एवढंच म्हणता आलं असतं, पण तसं म्हणायलासुद्धा तो कुणाला माहीत असायला हवा होता. मी कॉलेजसाठी दोन वर्षं मुंबईत होतो तेव्हा एका इराण्याच्या हॉटेलात गाण्याचं यंत्र होतं. नाणं टाकलं की तबकडी फिरायची. त्यात त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पत्र्याच्या छपरावरून दगड घरंगळत यावेत तसा आवाज. शब्द निम्मे कळायचे. शेवटी तो तीनदा ‘व्हाय’ म्हणून ओरडायचा, तेवढं पूर्ण कळायचं. तेव्हा तो जोरात होता. मी त्याची एक तबकडी विकत घेतली आणि पुढे नोकरी लागल्यावर पोलादपूरच्या खोलीत आणून भिंतीला लावली. भिंतीला, कारण वाजवायला यंत्र नव्हतं. पाच-सहा वर्षं मी ती नुसती बघत होतो.

महाडला आमचं एक तरुण मंडळ होतं. मी त्याचा चिटणीस. दर मे महिन्यात, मुंबईकर सुट्टीवर आले की, मंडळ दोन गायन पार्ट्यांचा सामना ठेवायचं. एक पार्टी गाण्यातून सवाल टाकणार, दुसरी गाण्यातूनच जवाब देणार, मैदान ओरडून निकाल लावणार. त्या वर्षी काहीतरी नवीन करायचं ठरलं आणि मी उठून त्याचं नाव सुचवलं. तबकडीच्या पाकिटावर मागे पत्ता होता. त्यावर पत्र टाकलं. पत्रात लिहिलं, ‘आमच्या भागात आपले हजारो चाहते आहेत.’ प्रत्यक्षात एक होता आणि त्याच्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं.

तीन आठवड्यांत होकार आला. इतक्या लवकर होकार आला तेव्हाच मला समजायला हवं होतं की आता त्याला कुणी बोलवत नसणार.

मंडळाचे अध्यक्ष कापडाचे दुकानदार. त्यांना पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं, त्यामुळे कार्यक्रम कसला आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, गर्दीशी होतं.

‘इंग्रजी गाणं ऐकायला वरंधवरून कोण येणार रे?’ त्यांनी गिऱ्हाइकापुढे साडी झटकत मला विचारलं.

‘येतील हो.’

‘आणि पार कापडे गावावरून?’

‘येतील.’

‘कशाला येतील? तुझं अक्षर बघायला?’

दुकानातल्या बाया हसल्या. मी बाहेर पडलो तो थेट खोलीवर जाऊन गेरू कालवायला बसलो. माझ्यापुढे दोनच चित्रं होती. एकात रिकाम्या मैदानापुढे तो उभा आहे आणि मला विचारतोय, तुझे हजारो कुठे गेले? दुसऱ्यात मैदान भरलंय. दुसऱ्या चित्रात काय गोंधळ होईल ते मी बघितलंच नाही. ‘मुंबईचे सुप्रसिद्ध गायक यांचा जंगी सामना’ लिहिलं आणि खाली ती ओळ टाकली. बोर्ड एसटीच्या गाड्यांवरून गावोगाव गेले.

आठ दिवसांत तालुकाभर एकच चर्चा. विरुद्ध कोण? वरंधकडचे म्हणत, कल्याणची एक बाई आहे, तिने भल्याभल्यांना रडवलंय. आमच्या कचेरीतला शिपाई छातीवर हात ठेवून सांगायचा की दुसरी पार्टी इगतपुरीची आहे आणि पैज म्हणून मिशी उतरवायची बोली झालीय. मला कुणी विचारलं तर मी नुसता हसायचो. माझ्या त्या हसण्याला लोक मोठा अर्थ द्यायचे.

आता माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. कापड्याच्या पुढे आमची बौद्धवाडी, तिथे ते भाताची थोडी जमीन करायचे आणि तरुणपणी त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. आवाज मोठा, पाठांतर दांडगं, आणि जागच्या जागी ओळ जुळवायची हातोटी. तरी एकूण एक सामने ते हरले. कारण साधं होतं. समोरच्याची ओळ चांगली जमली की आबा खदखदून हसायचे आणि ‘व्वा!’ म्हणून माईकवरच दाद द्यायचे. मैदानाला वाटायचं, हाच मान्य करतोय तर आपण कशाला भांडा? पुढे पेटीवाला मुंबईला गिरणीत लागला, आबांचे पुढचे चार दात गेले आणि पार्टी मोडली. उरले ते आणि ढोलकी वाजवणारे माझे काका.

मला आबांच्या गाण्याची लाज वाटायची. लिहिताना हात अडखळतो, पण वाटायची. ते पोलादपूरला कचेरीत मला भेटायला आले की व्हरांड्यात बसून गुणगुणायचे, आणि गुणगुणणं त्यांचं दोन टेबलं पलीकडे ऐकू जायचं. मी भिंतीवर इंग्रजी तबकडी लावणारा माणूस. मी त्यांना चहा पाजून लवकर एसटीत बसवायचो.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मी वाडीवर गेलो तर अंगणात काका ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसले होते.

‘काय चाललंय?’ मी विचारलं.

‘काय नाय रे,’ आई आतून म्हणाली. ‘दोघांना उन्ह लागलाय.’

आबा ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते. डोळे मिचकावत म्हणाले, ‘बोर्ड वाचला हां तुझा.’

‘कसा वाटला?’

‘ज्याला कळायचं त्याला कळलं.’

मला वाटलं, अक्षराचं कौतुक केलं. मी जेवलो आणि परत गेलो. आबांनी त्या ओळीचा काय अर्थ घेतला होता ते मला कार्यक्रमाच्या दुपारी कळलं.

दुपारी म्हणण्याचं कारण, लांबच्या गावांच्या शेवटच्या गाड्या चुकू नयेत म्हणून कार्यक्रम चार वाजता ठेवला होता. मे महिना, महाड आणि दुपारचे चार! सावित्री नदीवरूनसुद्धा वारा यायला तयार नव्हता. मैदानाला आम्ही स्टेडियम म्हणायचो, कारण एका बाजूला सिमेंटच्या पाच पायऱ्या बांधल्या होत्या. त्या पायऱ्यांवर त्या वेळी पापड भाजले असते. तरी तिथे माणसं बसली होती, बुडाखाली चपला घेऊन.

आणि माणसं किती! ट्रक भरून आली होती. डोक्यावर टॉवेल घेतलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काळे चष्मे लावून गावात मिरवणारे मुंबईकर, आंबे चोखणारी पोरं. अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारत होते. मंडपवाल्यानेही बोर्ड वाचला होता. त्याने दोन ट्रकचे फाळके जोडून स्टेज केलं होतं आणि त्यावर रीतीप्रमाणे दोन सतरंज्या, दोन माईक, दोन पाण्याचे तांबे मांडले होते. मैदानसुद्धा रीतीप्रमाणे मधोमध वाट सोडून दोन भागांत बसलं होतं. डावीकडचे मुंबई पार्टीचे, उजवीकडचे दुसऱ्या पार्टीचे. कोण ते माहीत नसताना निम्मं मैदान त्यांच्या बाजूने बसलं होतं.

तो फियाटमधून उतरला. साठीच्या जवळचा असावा. अंगात काळं चामड्याचं जाकीट, पायात उंच टाचेचे बूट, केस काळेभोर. फार काळे होते. पाच मिनिटांत घामाबरोबर त्यांचा रंग कानांवर उतरायला लागला. मी पुढे होऊन हात मिळवला. त्याने गर्दीकडे बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. ते मला सहन होईना.

‘बीच में रास्ता क्यूँ छोडा है?’ त्याने विचारलं.

‘आपल्या मानासाठी, सर.’

हे दुसरं खोटं. पत्रातलं धरलं तर. बोर्डावरचं धरलं तर तिसरं.

त्याच्याबरोबर त्याची गिटार आणि दोन वादक होते. ड्रमवाल्याने आपलं सामान उजवीकडच्या सतरंजीवर मांडायला घेतलं तशी समोरून आरोळी आली, ‘ओ ढोलवाले! ती जागा दुसऱ्या पार्टीची हाय!’ त्याला काही कळलं नाही. एक म्हातारी उठून हातवारे करायला लागली तेव्हा त्याने बिचाऱ्याने ड्रम सरकवले आणि तिघेजण डावीकडच्या सतरंजीवर दाटीवाटीने उभे राहिले.

मी निवेदन केलं. काय केलं ते आठवत नाही. मग त्याने ते गाणं सुरू केलं. इराण्याच्या हॉटेलातलं. आवाज उतरला होता, पण दगड अजून घरंगळत होते. मी स्टेजच्या कडेला उभा राहून डोळे मिटले. पाच-सहा वर्षं भिंतीवर बघितलेलं गाणं प्रत्यक्ष वाजत होतं. शेवटचे तीन ‘व्हाय’ त्याने गुडघ्यावर बसून म्हटले.

गाणं संपलं. टाळी नाही, शिट्टी नाही. लोक उजवीकडच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत होते.

मग कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, ‘सवाल झाला. आता जवाब!’

‘जवाब!’

‘दुसरी पार्टी कुठाय?’

‘दुसरी पार्टी! दुसरी पार्टी!’ मैदानाने ताल धरला.

तो माझ्याकडे वळला. ‘क्या बोल रहे हैं?’

मी म्हणालो, ‘वन्स मोअर, सर.’

त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अजून विसरलो नाही. किती वर्षांनी त्याने तो शब्द ऐकला असेल! त्याने केस मागे सारले, हात काळा झाला, तो जाकिटाला पुसला आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

आता सामन्याची रीत अशी की समोरच्याला जवाब सुचला नाही तर पार्टी तोच सवाल दुसऱ्यांदा टाकते. त्यामुळे मैदानाला यात काही वावगं दिसलं नाही. उलट डावीकडचे खूश झाले. ‘दुसऱ्यांदा टाकला! अजून जवाब नाय!’ उजवीकडचे चिडले. पहिला आंब्याचा बाठा रिकाम्या सतरंजीवर येऊन पडला.

‘अब?’ त्याने विचारलं.

‘वन्स मोअर,’ मी म्हणालो. दुसरं काही तोंडातून निघतच नव्हतं.

त्याने तिसऱ्यांदा सुरुवात केली तेवढ्यात मंडळाचा एक कार्यकर्ता स्टेजच्या मागून धावत माझ्याकडे आला. आमच्याच मंडळातला, महाडचा मुलगा, वाडीवर कधी न आलेला.

‘दोन म्हातारे आलेत ढोलकी घेऊन,’ तो धापा टाकत म्हणाला. ‘बोलतात, दुसरी पार्टी आमची. बोर्ड लिहिणाऱ्याला विचारा बोलतात. ते बघ, तिथे उभे आहेत. ओळखतोस काय तू?’

मी वळून बघितलं. बांबूच्या अडसरापलीकडे, दहा-बारा हातांवर, आबा उभे होते. माझ्या लग्नात शिवलेला कोट त्यांनी त्या उन्हात घातला होता. मागे काका, गळ्यात ढोलकी. आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जशी ठरलेल्या वेळेला आलेला माणूस हलवतो.

त्या क्षणी मला सगळं कळलं. मुलाने बोर्डावर जागा रिकामी सोडली ती आपल्यासाठी, असं समजून ते आले होते. मोडलेल्या पार्टीचा मान मुलाने परत दिला, तोही उघड न सांगता, कोडं घालून. आठ दिवस ते अंगणात तयारी करत होते.

आणि स्टेजवर तो होता. माझा. जाकीट घातलेला.

मी म्हणालो, ‘नाही. ओळखत नाही.’

कार्यकर्ता गेला. तिकडे काय बोलला ते बघायची मला हिंमत झाली नाही. मी पुढे बघितलं तर पुढे बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिसरे तीन ‘व्हाय’ संपले होते आणि उजवीकडच्यांचा धीरही. बाठ्यांचा मारा सुरू झाला. चिकट, ताजे, अर्धवट चोखलेले बाठे. मधली वाट केव्हाच मोडली. ‘पळाली! दुसरी पार्टी पळाली!’ असं डावीकडचे नाचत होते, ‘तुमच्या सात पिढ्या पळाल्या!’ असं उजवीकडचे सांगत होते. चार पोरं मंडपाच्या बांबूवर चढली आणि त्यांच्या वजनाने एक भोंगा निसटून स्टेजच्या पायथ्याशी ठेवलेल्या अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी आपटला. अध्यक्ष खुर्चीखाली होते. एक बाठा ड्रमवर बसला आणि इतका सुंदर ठोका पडला की खुद्द ड्रमवाला हसला.

गायक हलला नाही. बाठे चुकवत त्याने मला शांतपणे विचारलं, ‘ये भी वन्स मोअर है?’

तेवढ्यात उजवीकडच्या माईकवरून आवाज आला.

‘पळाली कोन बोलतो रे? ही काय हाय दुसरी पार्टी!’

आबा सतरंजीवर उभे होते. काका खाली बसून ढोलकी मांडीत घेत होते. अडसर कसा ओलांडला, कुणी वर चढवलं, मला माहीत नाही. उजवीकडून जी आरोळी उठली तिने पायऱ्यांवरची माणसं उभी राहिली.

‘आधी मानकऱ्याचा मान,’ आबा म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. ‘हा माझा पोरगा. बोर्ड यानेच लिवलाय. बापाला तोंडाने सांगितला नाय, बोर्डावर कोडं घातलान! आणि मघाशी त्या पोराने इचारलं तर बोलतो कसा, ओळखत नाय! शेवटपर्यंत फोडला नाय त्याने. असा पोरगा पायजे!’

मैदानाने टाळ्या वाजवल्या. मला. माझ्या आयुष्यात इतक्या टाळ्या मला परत मिळाल्या नाहीत. अध्यक्षांनी खुर्चीखालूनच माझा पाय धरून हलवला. ‘भारी डोकं लढवलंस रे!’

‘आता पाव्हण्याचा सवाल,’ आबा पुढे म्हणाले. ‘तीनदा टाकलान. तुम्हाला कळला नाय, मला कळला. तो इचारतो, व्हाय. व्हाय म्हंजे का. माझा पोरगा शिकलाय, म्हणून एवढं इंग्रजी मला येतं. तर का? ऐका.’

काकांनी ढोलकीवर थाप दिली. आबांनी कानावर हात ठेवला.

‘व्हाय व्हाय काय करतोस गड्या, तुला सांगू का?
उन्हात कातडं घालून आलास, घाम पुसू का?
तीन वेळा तोच सवाल, पाठ एकच का?
महाडचं पाणी पिऊन बघ, गळा सुटतो का!’

शेवटच्या ओळीला डावी बाजू आणि उजवी बाजू असं काही उरलं नाही. महाडच्या पाण्याचं आमच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. टोप्या उडाल्या. दात नसल्यामुळे आबांचा ‘स’ शिट्टीसारखा वाजत होता, त्यालाही वेगळी दाद मिळत होती.

गायक माझ्याजवळ आला. ‘कौन है ये?’

‘लोकल आर्टिस्ट, सर.’

‘तेरा बाप है बोला ना उसने अभी? इतना मराठी समझता हूँ मैं.’

मी मान खाली घातली.

‘क्या गाया? सच बोल.’

मी सांगितलं. जाकिटाची ओळ सांगितली, एकाच पाठाची सांगितली, पाण्याची सांगितली. त्या दुपारी माझ्या तोंडून निघालेल्या पहिल्या खऱ्या गोष्टी त्या. तो ऐकत राहिला. मग त्याने जाकीट उतरवून भिरकावलं, आतला बनियन घामाने अंगाला चिकटला होता. उजवीकडच्या सतरंजीवर जाऊन त्याने पाण्याचा तांबा उचलला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याला. उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. केसांचा रंग खांद्यावरून खाली आला आणि आत पांढरे केस निघाले. मैदान वेडं झालं.

नंतरचा तासभर मी कधी नीट कुणाला सांगू शकलो नाही. त्याने काकांचा ताल पकडला, गिटार त्यात घुसवली आणि मोडक्या मुंबई हिंदीत जवाबाला जवाब दिला, की चाचा, माझा गळा सुटला, पण तुझे दात कुणी पळवले? आबा खदखदून हसले. माईकवर ‘व्वा!’ म्हणाले. आणि नेहमीप्रमाणे सामना हरायच्या वाटेला लागले.

मैदानाच्या ओरडण्यावरून निकाल निवेदकाने, म्हणजे मी, जाहीर करायचा होता. मी माईकपाशी गेलो आणि मला कुणाचंच नाव घेता येईना. शेवटी अध्यक्ष खुर्चीखालून निघून वर आले. मंडळाने एकच शाल आणि एकच नारळ आणला होता. त्यांनी शाल पाहुण्याला घातली आणि नारळ आबांच्या हातात दिला. ओल्या बनियनवर लोकरीची शाल घेऊन तो नमस्कार करत राहिला.

गाडीत बसताना त्याने मला जवळ बोलावलं. ‘लेटर में तूने हजारों लिखा था. सच में कितने थे?’

‘एक, सर.’

‘तू?’

‘हो.’

त्याने जरा विचार केला. ‘चलेगा. पिछले शो में वो भी नहीं था.’ आणि काच वर केली.

मैदान रिकामं होईपर्यंत उन्हं उतरली होती. आम्ही तिघे एसटी स्टँडवर येऊन बसलो. काका बाकावर आडवे झाले. आबांनी कोट काढून मांडीवर घेतला होता. येणारा-जाणारा हात करत होता, आबा प्रत्येकाला उत्तर देत होते. मला ते बघवेना. वाटलं, आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

‘आबा, तो बोर्ड तुमच्यासाठी नव्हता.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘मग कोनासाठी?’

‘कुणासाठीच नाही. दुसरी पार्टी नव्हतीच. गर्दी व्हावी म्हणून मी लिहिलं तसं.’

त्यांचा चेहरा बघायची मला भीती वाटत होती, तरी मी बघत होतो. कोटाचं एक बटण ते लावत होते, काढत होते.

‘म्हंजे मी आलो नसतो तर?’

‘लोकांनी मला मारलं असतं.’

‘तुला? अरे, त्या पाव्हण्याला पण मारला असता!’ त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. ‘ऐकलास काय रे?’ त्यांनी काकांना हलवलं. ‘आपन नसतो तर आज दोघं मेले असते!’

काका झोपेतच ‘हां’ म्हणाले. आबा हसायला लागले. आमंत्रण नव्हतं याचं त्यांना दुःख झालं असेलही, पण वाचवणारा झाल्याचा आनंद त्याहून मोठा होता. मला वाटलं, सुटलो.

‘पन एक चांगला केलास,’ ते हसू आवरत म्हणाले. ‘त्या पोराला बोललास, ओळखत नाय. मी तिथनं बघत होतो. काय तोंड केलंस रे! मलाच वाटला, हा खराच ओळखत नाय.’

ते माझ्याकडे बघत होते. हसू होतं तोंडावर, पण बघत होते. बोर्ड त्यांच्यासाठी नव्हता हे एकदा मान्य केल्यावर, कोडं राखण्याचा प्रश्नच उरत नव्हता. मग ते तोंड मी कशासाठी केलं? एवढा हिशेब त्यांना जमत नव्हता असं मी कसं म्हणू? त्यांनी उभ्या आयुष्यात इतरांच्या ओळी उलगडल्या होत्या.

‘नाटकात पायजे होतास तू,’ ते म्हणाले.

‘हां,’ मी म्हणालो.

तेवढंच. ज्या कबुलीने हायसं वाटणार होतं ती मी दिली, आणि जी द्यायला हवी होती ती गिळली. गाडी लागली. आबांनी काकांना उठवलं.

गाडीत अर्धी माणसं मैदानावरचीच होती. आबांना खिडकीची जागा मिळाली आणि महाड मागे पडायच्या आत त्यांना ते कडवं पुन्हा म्हणावं लागलं. ढोलकी सीटखाली अडकली होती म्हणून काकांनी पत्र्यावर ताल धरला. मी मागे दांडीला धरून उभा होतो. कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत आला, त्याने आबांकडे हात केला आणि मला विचारलं, ‘ह्यांचं कोन काढनार?’

‘मी!’ मी म्हणालो. ‘माझे वडील आहेत ते. माझे वडील आहेत!’

इतक्या मोठ्याने म्हणालो की गाणं थांबलं. सगळ्या गाडीने मागे वळून बघितलं, आबांनीसुद्धा. कंडक्टर जरा मागे सरकला.

‘अरे, ते आम्हाला म्हाईत हाय,’ तो म्हणाला. ‘तिकिटं किती ते बोल.’